माझ्या हुकावरची पिशवी

टण्ण करून चमचा फरशीवर पडला आणि वॉर्डातली शांतता दचकली.

मित्रांनो, मी सलाइनचा एक जुना स्टँड आहे. वर दोन हुक, खाली पाच चाकं, त्यातलं एक कायम रुसलेलं. नवा होतो तेव्हा ‘हाच द्या, हा सरळ चालतो’ म्हणून माझ्यासाठी ओढाताण व्हायची. आता चाक अडलं की लाथ मिळते. त्याचं काही वाटत नाही. पण त्या दुपारी माझ्या हुकावर रक्ताची पिशवी होती, आणि मी अजून ती दुपार विसरलेलो नाही.

चमचा एका आईच्या हातून निसटला होता. ऑपरेशननंतर तिला रक्त चढवायला नुकतीच सुरुवात झाली होती, आणि एकाएकी तिला हुडहुडी भरली. दात वाजू लागले. उशाशी नवरा, पायथ्याशी चिमुरडी लेक.

शेजारच्या खाटेवरची चादर बदलणाऱ्या वॉर्डातल्या मावशी धावत आल्या. नवरा त्यांच्यावरच खेकसला, नुसत्या बघताय काय, बंद करा ते.

“ते माझं काम नाही, दादा. तुम्हीही नळीला हात लावू नका. सिस्टरना आणते,” म्हणत त्या पळाल्याच. इथे जो तो काम ढकलतो, असं तो मागून पुटपुटला.

थेंब पडतच होते. माझ्या अंगाखांद्यावरून उतरून तिच्या अंगात जात होते. ते विष तर नसेल? मला हात असते तर!

आधी शिकाऊ नर्स ताई आली. तिने आईची नाडी धरली. पाठोपाठ आलेल्या सिस्टरनी नळीची कळ फिरवली, तेव्हा कुठे थेंब थांबला. मग वॉर्ड सांभाळणाऱ्या मोठ्या सिस्टरनी डॉक्टरांना बोलावणं धाडलं आणि पिशवीवरचा नंबर आईच्या मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहिला.

मित्रांनो, ‘हे माझं काम नाही’ म्हणून जी धावत सुटते, तिच्यावर चिडू नका. ती जाणत्या हाताला आणायला गेलेली असते. आणि जमलं तर माझ्या चाकात तेलाचा थेंब सोडा.

डॉक्टर आले. पडदा ओढला गेला. मावशींनी लेकीला कडेवर घेऊन बाहेर नेलं आणि हळूच समजावलं, “मी आईचं अंग पुसते, कूस बदलते. ताई नाडी बघते. सिस्टर औषध देतात. मोठ्या सिस्टर आम्हा सगळ्यांवर लक्ष ठेवतात.”

पोरीने सगळं नीट ऐकून घेतलं.

“मग मावशी, आईला घरी पाठवायचं काम कुणाचं?”