एक मूठ जास्त

खडा अगदी गव्हाच्या रंगाचा होता. तसाच लांबट, मधे तशीच बारीक रेघ — सुपातल्या गव्हात तो फुलवंताबाईच्या बोटांखालून दोनदा निसटला आणि शेवटी केवळ गार लागला म्हणून सापडला. उचलून फेकावा, तर तिनं तो डाव्या मुठीत धरून ठेवला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. सकाळपासून तिचं चित्त गव्हात नव्हतंच मुळी.

औंदा एक मूठ जास्त लागी, जिजी... काल विहिरीवर घागर उचलता उचलता शेजारची मंगला म्हणाली होती, आणि वर हसलीही होती. तेव्हापासून फुलवंताबाई त्या मुठीवर आपलं नाव घालून बघत होती. उद्या कानबाई, श्रावणातली देवी, घरोघर बसायची. घरातल्या एकेका माणसाच्या नावानं सव्वा मूठ गहू, त्याचं पीठ, त्याचे नैवेद्याचे रोट. आणि रोट खायचे ते फक्त घरच्यांनी. परक्यानं नाही, सासरी गेलेल्या लेकीनंसुद्धा नाही. फुलवंताबाईचा नवरा प्लेगात गेला तेव्हा ती पुरती पंधराचीही नव्हती. दिरांनी शहाद्याला बिऱ्हाड हलवलं आणि तिची मूठ धरायचं सोडून दिलं. माहेरी जावं, तर तिथे ती लेक पडली. मग कानबाईच्या लेखी ती होती तरी कुठे?

पण इथे, मंगलाच्या नवऱ्याच्या, दोधूच्या घरी, ती होतीच की. या घराचा उंबरा तिच्या पायांनी झिजला होता. मंगला नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापायला हिनंच शिकवलं; त्यांच्या मगनला दात आले तेव्हा त्यानं पहिला चावा हिच्याच बोटाला घेतला. लोक म्हणत, जिजीचा काय जीव आहे या घरावर! जीव होता खराच. पण जिवाखाली दुसरंही काही जळत होतं, ते लोकांना कसं दिसणार? दोधू नंदुरबारला कापसाची गाडी रिकामी करून आला की बैल सोडायच्या आधी आत चुलीकडे बघे — नुसता बघे — आणि आतला भांड्यांचा आवाज थांबे. फुलवंताबाईला मत्सर वाटे तो त्या थांबण्याचा. बांगड्यांचा नाही, लुगड्यांचा नाही. माझ्यासाठी कुणाचं भांडं कधी थांबलं? घरी येऊन ती एकटीची भाकरी थापी आणि मनात म्हणे, एकदा तरी भांडा रे, समजूत घालायला मला बोलवा... ते भांडत, पण समजूतही आपली आपणच घालत.

दोधू अंघोळ करून ओल्या अंगानं सुपापुढे येऊन बसला. निवडलेले गहू टोपलीत होते, सूप रिकामं होतं; त्यानं टोपलीतून मूठ भरली.

"हाई मगनना बापनी," मंगला तोंडाला पदर लावत म्हणाली.

"नाव ले," दोधूनं मूठ तशीच वर धरली. "तवय मूठ पडी."

"काय बी! जिजी बठेल शे ना आठे."

म्हणजे जिजी बसली नसती तर घेतलं असतं. फुलवंताबाईनं मान आणखी खाली घातली.

दोधूची मूठ सुपात पडली. मंगलाची पडली. मगनची पडली... दोधूचा हात पुन्हा गव्हात गेला. आता. आता माझं नाव. जिजी म्हणतील, की फुलवंता? किती वर्षांत कुणी घेतलंच नव्हतं ते. रोटाची चव आठवावी म्हटलं तर बरोबरची खीर तेवढी आठवत होती. डोळे भरून आले... येऊ देत. उद्या पाटावर मी या सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून बसेन, कुणाची हिंमत आहे ऊठ म्हणायची!

"आनि हाई..." मंगला म्हणाली. दोधूनं तिच्याकडे बघितलं. तिचा एक हात पोटावर गेला होता.

"येनारनी," ती पुटपुटली.

गहू पडले. मगन काही न कळताच टाळ्या वाजवायला लागला.

"तुम्ले ते मी कालच सांगं व्हतं, जिजी," मंगला लाजून म्हणाली. "खडा-बिडा नही ना ऱ्हायना?"

फुलवंताबाई हसली. हसावंच लागलं. जे अजून जन्मलं नाही, ज्याच्या तोंडात रोटाचा तुकडा जायला अजून किती अवकाश — त्याची मूठ होती! तिनं सूप पुढे ओढलं, दोन्ही हातांनी गहू सारखे केले. आणि डावा हात बाहेर आला तेव्हा तो रिकामा होता.

"नही," ती म्हणाली. "एक बी नही."

मग ती भानावर आली. देवीच्या गव्हात खडा! फुले, काय केलंस हे? पोटुशी बाई ती... तिनं घाईघाईनं बोटं गव्हात घातली. पण मुठी एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. दोधूची कुठली, येणाऱ्याची कुठली, कळायला मार्ग नव्हता, आणि आता सगळेच दाणे खड्यासारखे गार लागत होते.

"आना, जिजी," जात्यापाशी बसलेल्या मंगलानं हात पुढे केला. रोटाचं दळण घरच्याच बाईनं दळायचं असतं.

"थांब वं जराशी." तिनं सूप मांडीवर दाबून धरलं. जात्यात भरडलाच जाईल तो, पीठच होईल त्याचं. उद्या दोधूच्या घासाला किंचित कचकच लागेल, मंगलाच्या, मगनच्या... आणि मंगलाच्या घासातून त्या चौथ्यापर्यंतही जाईल काहीतरी. ते सगळे पाटावर बसतील तेव्हा मी माझ्या घरी असेन, दार लोटून — आणि तरी रोटात माझंही काहीतरी असेल.

खडा शोधणारी तिची बोटं हळू हळू फिरायला लागली होती. ते तिच्या लक्षात आलं, आणि तिला स्वतःची भीती वाटली.