भरपूर जागा

ही लाल पट्टी तुमची आहे, साहेब. पडद्याच्या कोपऱ्यातली, नखाएवढी, डिस्क काठोकाठ भरल्याची... माझी नाही, तुमची — असं ती मनातल्या मनात म्हणत होती आणि माऊसवरचा हात मात्र निमूट काम करत होता, कारण पगार हाताला होता, मनाला नव्हता.

इस्पितळाच्या प्रयोगशाळेचं मशीन. मशीन तरी कसलं — तळघरातल्या मोठ्या यंत्राच्या पोटातलं व्हर्च्युअल मशीन, हात लावावा असं अंगच नसलेलं. आणि त्याच्या एकुलत्या एका सिस्टिम डिस्कवर सगळं कोंबलेलं, विंडोजही तिथंच, साऱ्या रोग्यांचे रिपोर्टही तिथंच. वेगळी डिस्क द्या म्हटलं, तर आहे त्यात भागवा. बॅकअपला जागा द्या म्हटलं, तर बघू. बघू! ह्या माणसाने जन्मात कधी काही बघितलं होतं?

सकाळचा साहेबांचा फोनही तसलाच. "अहो, जागा वाढवा ना ती. दहा मिनिटांचं काम. तुमच्या दादाने चुटकीसरशी केलं असतं."

दादाचं नाव काढायची काही गरज होती?

दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. ह्याच खुर्चीत बसायचा. त्यानेच तिला इथं चिकटवलं, त्यानेच शिकवलं, आणि गेल्या वर्षी एका संध्याकाळी ह्याच इमारतीच्या जिन्यात तो... नको. काम. डिस्क वाढेना, कारण दादाचा स्नॅपशॉट आडवा आला होता. त्याच दुपारी, अपडेटच्या आधी, त्याने चालत्या मशीनचा तो क्षण जसाच्या तसा गोठवून ठेवला होता — काही बिघडलंच तर मागे फिरायला वाट असावी म्हणून. ती वाट पुसल्याशिवाय डिस्क वाढणार नव्हती. पुसायची, डिस्क वाढवायची, आतला कप्पा नव्या जागेपर्यंत ताणायचा, चहा प्यायचा. पडद्यावर दोन पर्याय होते, एकाखाली एक — पुसा, मागे फिरा — आणि ती वरच्याकडेच बघत होती, देवाशप्पथ वरच्याकडेच, पण डोक्यात जिना होता, खालच्या पायरीवर उलटी पडलेली दादाची एक चप्पल... मशीनने विचारलं, नक्की? तिने हो म्हटलं. ह्या प्रश्नाला न वाचता हो म्हणायची बोटांना सवयच असते.

पडदा काळा झाला. मग उजळला.

लाल पट्टी नव्हती. पट्टी आता निळी होती, अर्धीअधिक रिकामी. मशीन मागे फिरलं होतं, कोपऱ्यातलं घड्याळ गेल्या वर्षात होतं. आणि मधोमध एक चौकट उघडी, त्यात एक ओळ —

चिमे, आज पुन्हा डबा न खाता परत नेलास तर

पुढे कर्सर लुकलुकत होता.

तर काय, दादा? तर काय...?

वर्षभराचे रिपोर्ट गेले हे तिला कळलं होतं. पण त्याच्याही आधी, एक क्षणभर, ती आनंदली होती. दादा लिहितोय. मी आनंदले! मी कसली बाई आहे?

दारात प्रयोगशाळेतली मावशी उभी. "अगं, सकाळचे रिपोर्ट दिसेनात."

"सकाळचे नाही, मावशी. वर्षाचे."

"थट्टा पुरे हं! वर डॉक्टर खोळंबलेत. त्या किडनीवाल्या पोरीचे मागचे आकडे हवेत, औषध वाढवायचं का थांबवायचं ते..." तिचा चेहरा बघून मावशी मिळेल त्या खोक्यावर बसली.

फोन वाजला. "लाल गेलं की हो! शाबास! किती जागा झाली?"

"भरपूर," ती म्हणाली. "वर्षभराचे रिपोर्ट उडाले, साहेब. मी उडवले. चुकीचं बटण माझ्याच बोटाने दाबलं, मी नाही म्हणत नाही. पण दुसरी प्रत कुठेच नाही. का नाही?"

"तुम्ही... तुम्ही शुद्धीवर आहात का?"

होती. इतकी शुद्धीवर ती वर्षभरात नव्हती. त्या 'तर'पुढे कर्सर लुकलुकतच होता, आणि ते वाक्य आता कुणीच पुरं करणार नव्हतं. ते उत्तर मिळायचं नव्हतं. हे मिळू शकत होतं.

"फोन ठेवू नका, साहेब. मावशी ऐकतायत, मी ऐकतेय. बॅकअपला जागा का नाही दिलीत? बोला."