रिकाम्या बोंडल्याचा तोरा

मी एका आजीच्या पायात होतो, मित्रांनो. हसू नका, खरंच सांगतो. तेव्हा मी चांदीचं कडं होतो. आज मी बोंडलं आहे, जुनं, एका कडेला चेमटलेलं. बोंडलं म्हणजे काय हे तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. पानाचा चिमुकला द्रोण करावा आणि त्याला पोपटाची चोच काढावी, तसा माझा आकार. ज्या तान्ह्याला गिळता येतं पण ओढता येत नाही, त्याच्या ओठाशी माझी चोच टेकवायची आणि थेंब थेंब दूध सोडायचं. एवढंच माझं काम. पण ते काम करताना मी जे पाहिलं, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

हरसूलच्या पुढं, डोंगराच्या कुशीत आमचा पाडा आहे. तिथल्या फुलाबाईला पहिला मुलगा झाला तो दिवस भरायच्या आत. राजू त्याचं नाव. मुठीएवढा जीव, छातीशी धरला तरी ओढायची ताकद नाही. तेव्हा फुलाबाईच्या आईनं आपल्या एका पायातलं कडं उतरवलं आणि ती थेट त्र्यंबकला सोनाराच्या दारात जाऊन बसली.

"आजी, मागं सरा, ठिणगी उडंल," सोनार म्हणाला.

"उडू दे. पन्नास वर्सं पायात होतं, आता डोळ्याआड नाय व्हायचं."

"आणि दुसऱ्या पायातलं?"

"ते राहू दे तसंच. लोकं विचारतील, म्हातारे, एकच कडं का? मग सांगंन ना मी, दुसरं नातवाच्या पोटात गेलं म्हणून!"

असा माझा जन्म झाला. विस्तवात वितळलो, ऐरणीवर मार खाल्ला, चिंचेनं घासून निघालो आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी आलो. राजूला मी महिनाभर पाजलं. पुढं तो स्वतः प्यायला लागला, बाळसं धरलं, अंगणभर धावला. मग त्याची बहीण पल्लवी झाली. ती तर जन्मतःच धडधाकट. तिला माझी गरज नव्हती, पण दात येताना तिनं मला असं चावलं की माझ्या चोचीवर एक बारीक खूण राहिली. ती खूण मी आजही मिरवतो.

मग पाड्यावर माझी कीर्ती झाली. कुणाकडे अशक्त पोर जन्मलं की फुलाबाईकडे निरोप यायचा, "बोंडलं द्या गं जरा." मी घराघरांत फिरलो. माझ्या चोचीतून पिऊन वाढलेली पोरं आता नांगर धरतात, कुणी नाशिकला रिक्षा चालवतात. फुलाबाई जात्यावर बसली की ओवीत माझं नाव गुंफायची. खरं सांगू? मला गर्व झाला. आईपेक्षा आपणच मोठे, असं वाटायला लागलं.

पण दिवस बदलले. प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या, रबरी बोंडं आली. मी एका पत्र्याच्या डब्यात गेलो, गुंड्या आणि सुया यांच्या शेजारी. किती वर्षं गेली मोजली नाहीत. चांदी काळी पडली. डब्याचं झाकण उघडलं की मी चोच वर करायचो, पण बोटं यायची ती सुई शोधायला.

आणि एके दिवशी फुलाबाईच्या त्याच बोटांनी मला उचललं. पल्लवी बाळंतपणाला माहेरी आली होती. सातपूरला एका कारखान्यात ती पॅकिंगचं काम करायची, तिथंच तिचा नवरा दिनेशही होता. पोर सरकारी दवाखान्यात झालं. मुलगी, दोन किलो चारशे. नर्सबाईंनी बजावून सांगितलं होतं, बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही द्यायचं नाही. फुलाबाईनं मान डोलावली. पण मी तिच्या कनवटीला होतो, आणि माझ्या शेजारी फडक्यात बांधलेला गुळाचा खडा.

नर्सबाईंची पाठ वळली आणि माझ्या पोटात गूळपाणी आलं.

"पहिली चव गोड पाहिजे," फुलाबाई पुटपुटली. तिच्या दोन्ही पोरांना तिच्या आईनं हेच दिलं होतं. छातीतून पहिल्यांदा आलेला पिवळा चीकही तिनं पल्लवीला पिळून टाकायला लावला, "खराब असतंय ते." आणि मी? इतक्या वर्षांनी कुणाच्या ओठाला लागलो म्हणून मी फुगून बसलो होतो.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली हीच एक गोष्ट सांगताना मला लाज वाटते.

घरी आल्यावर बाळ छातीशी धरलं की तोंड फिरवायचं. धरलंच तर नुसतं टोक धरायचं, दोनदा चोखायचं आणि रडायचं. पल्लवीच्या बोंडांना चिरा पडल्या. तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, पण ओठ मिटलेले असायचे. फुलाबाईला सुचला तो तिचा नेहमीचा उपाय. जन्मभर तिनं शेळ्या पाळल्या होत्या. हट्टी करडाचं डोकं मागून धरायचं आणि आचळाकडे दाबायचं, तसंच तिनं नातीचं डोकं धरलं. नात कमानीसारखी मागं वाकली आणि अशी किंचाळली की शेजारच्या विमलाबाई पदर सावरत धावत आल्या.

"दूधच नसंल पोरीला," त्या म्हणाल्या. "कारखान्यात उभं राहून राहून आटलं असंल."

पल्लवीनं ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य खात्याची आशाताई आली. सरिता तिचं नाव, आमच्याच पाड्याची सून, खांद्याला पिशवी आणि पिशवीत झोळीचा काटा. झोळीत बाळ घातलं, काटा उचलला. दोन किलो दोनशे.

"पहिले दिवस थोडं उतरतंच," ती म्हणाली, पण तिचा आवाज सावध होता. तिनं डॉक्टरांना फोन लावला, बाळ किती वेळा ओलं होतं, रडतं कसं, सगळं सांगितलं. मग फोन ठेवून म्हणाली, "रोज वजन करायचं. आणखी उतरलं तर लगेच, किंवा सातव्या दिवसापर्यंत चढलं नाही तर, बाळाला नाशिकला काचेच्या पेटीत ठेवावं लागंल."

तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. तिनं मला उचललं, हुंगलं.

"मावशी, गूळ?"

"एवढंसं तर दिलं," फुलाबाई म्हणाली. "माझी दोन्ही पोरं गूळपाण्यावरच झाली."

"अन् चीक?"

"टाकला."

सरितानं कपाळाला हात लावला. "गाय व्यायली असती तर चिकाचा खरवस करून गावभर वाटला असतास. आणि पोरीचा चीक ओतून दिलास? अगं, गोड पाणी आयतं घशात पडलं की छातीशी कष्ट कोण करंल?"

फुलाबाई आणि मी, आम्ही दोघं एकाच गुन्ह्यातले.

सरितानं मला उकळत्या पाण्यात टाकलं. इतका कढ मी जन्मापासून सोसला नव्हता, पण त्या पाण्यात माझा गूळही सुटला आणि गर्वही. मग तिनं पल्लवीला हात धुवायला लावले आणि बोटांनी हलकेच दूध कसं काढायचं ते दाखवलं. आधी काहीच नाही. मग एक थेंब. मग दुसरा. मग माझ्या पोटात पिवळसर, दाट धार.

"बघ," सरिता म्हणाली. "कुणाचं हे?"

पल्लवी माझ्यात डोकावली. काय सांगू मित्रांनो, तिचा चेहरा माझ्यात दिसत होता, त्या दुधात हलणारा. "माझं," ती म्हणाली. "ताई, माझं हाय हे. हाय मला दूध."

त्या घटकेला मी पुन्हा कामाला लागलो, पण आता शहाणा होऊन. दोन-दोन तासांनी पल्लवी दूध काढायची, मी ते बाळाला पाजायचो. वजन उतरायचं थांबलं, पण चढेना. छातीशी धरलं की पुन्हा तेच, रडणं आणि पाठ वाकवणं.

पाचवा दिवस उजाडला. पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा झाली. घर बायकांनी भरलं. पल्लवी पदरात बाळ झाकून बसली होती. इतक्या डोळ्यांपुढं पदर काढणार कशी? आणि पदराआड बाळाचं तोंड कुठं आहे तेही तिला दिसत नव्हतं. फुलाबाई आपली पदरातूनच हात घालून डोकं दाबत होती.

"पावडरचा डबा आणा," विमलाबाई म्हणाल्या. "माझी नात बघा, फुगा झालाय नुसता."

"फुगा नकोय आपल्याला मावशी, पोर पाहिजे," दारातून सरिता म्हणाली. "आणि आता सगळ्या जरा ओसरीवर बसा. देवीचा प्रसाद तिथंही गोडच लागंल."

बायका हसत हसत उठल्या. घर रिकामं झालं. पल्लवीनं पदर बाजूला केला आणि पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला. छाती दगडासारखी गच्च झाली होती. सरितानं आधी माझ्यात थोडं दूध काढायला लावलं, म्हणजे ती मऊ होईल आणि बाळाच्या तोंडात मावेल. मग ती फुलाबाईकडे वळली.

"मावशी, करडू पितं तेव्हा त्याची मान कशी असती?"

"वर. अशी, वर करून पितं."

"आणि तू डोकं दाबलंस तर वर करंल कशी?"

फुलाबाईनं आपला हात बघितला. त्या हातानं किती करडं वाढवली होती. आता तिला आठवलं असेल, दाबलेलं करडू कधीच प्यालं नव्हतं. हात काढून घेतला की मगच ते आपण होऊन वर बघायचं आणि लुचायचं. तिनं हळूच हात मागं घेतला.

"मग मी काय करू?"

"पल्लवीच्या पाठीला टेका दे. बास."

फुलाबाई लेकीच्या पाठीशी बसली. सरितानं बाळाला आईकडे पूर्ण वळवलं, पोटाला पोट लावून. पल्लवीचा तळवा बाळाच्या खांद्यांमागं, डोकं मोकळं. नाक बोंडासमोर. "छाती बाळाकडे न्यायची नाय. बाळाला छातीकडं आणायचं. आणि घाई नाय. तोंड जांभईएवढं उघडू दे."

मग तिनं मला पुढं केलं. माझ्यात थोडंच दूध उरलं होतं. तिनं माझी चोच बोंडावर तिरकी केली. मी एक थेंब सोडला. तो थेंब बाळाच्या खालच्या ओठाला लागला.

बाळ थबकलं. जीभ बाहेर आली. मान वर झाली, थेट करडासारखी. आणि तोंड उघडलं, मोठं, जांभईएवढं.

"आता!"

पल्लवीनं तिला जवळ ओढलं. आधी हनुवटी टेकली, मग खालचा ओठ बाहेर दुमडला, तोंड भरून. पल्लवीनं सवयीनं दात आवळले आणि मग हळूहळू सोडले.

"आये," ती म्हणाली, "दुखत नाय."

घरात एकच आवाज येत होता, ओढ, ओढ, घोट. ओढ, ओढ, घोट. मी हातात होतो सरिताच्या, तळाशी दोन थेंब घेऊन, आणि माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मित्रांनो, त्या डब्यातही माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, तेव्हा वाईट वाटलं होतं. आज मात्र मला वाटलं, ही चांदी घडवली ती बहुधा याच घडीसाठी.

त्याच एका पाजण्यानं सगळं जमलं असं नाही. दुपारी पुन्हा बिनसलं, संध्याकाळी पुन्हा जमलं. चुकलं की पल्लवी बोट घालून हळूच सोडवायची आणि पहिल्यापासून धरायची. मी बाजूला वाट बघत असायचो, दर वेळी थोडा कमी भरलेला. सातव्या दिवशी सरितानं झोळी बांधली. काटा थरथरला, स्थिर झाला. दोन किलो दोनशे साठ.

"नाशिक रद्द!" ती ओरडली. ओसरीवर विमलाबाईंनीच पहिल्यांदा टाळी वाजवली. फुलाबाई जात्याशी बसली, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडी नवी ओवी आली:

करडू माझं प्यालं गं, मान वर करून,
नात माझी प्याली गं, आईची कूस धरून.

मुलीचं नाव आरोही ठेवलं. आता ती सात महिन्यांची आहे. पाड्यावर कुणी बाळंत झालं की अजूनही निरोप येतो, "बोंडलं द्या." फुलाबाई मला घेऊन जाते, पण आधी विचारते, "पोरीला टेका दिलाय का? बायका बाहेर काढल्यात का?" आणि कुणी बाळाचं डोकं दाबायला गेलं की त्याचा हातच धरते. बऱ्याचदा मी कनवटीतून बाहेर न येताच परततो. तेव्हा माझा तोरा बघण्यासारखा असतो.

म्हणून माझं एक मागणं आहे. मला घासूनपुसून, उकळून घरात ठेवा. गरज पडली तर मी आहेच, आईचं दूध घेऊन. पण त्याआधी त्या नव्या आईला थोडी जागा द्या, थोडा एकांत द्या, तिच्या पाठीला आपला खांदा द्या. तिला काही येत नाही असं तिच्या तोंडावर म्हणू नका. ती आणि तिचं बाळ, दोघंही नवीन असतात. त्यांना शिकायला वेळ लागतो.

मी सध्या कुठं असतो, विचारता? आरोहीच्या मुठीत. माझ्यातल्या दुधाची तिची गरज कधीच संपली, पण तिला पहिला दात आलाय. काल तिनं मला कडकडून चावलं. आता माझ्या चोचीवर दोन खुणा आहेत, एक आईची, एक लेकीची, अगदी शेजारी शेजारी.