मेंढ्यांचे कान ओळखणारा मी

मित्रांनो, मला जुना म्हणा, ठोकळा म्हणा, पण भंगार म्हणू नका! मी आइसलंडच्या उत्तरेकडचा एक संगणक आहे, आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आठवडा तुम्हाला कधी एकदा सांगतो असं मला झालंय.

मासळीच्या कचेरीत मी सहा वर्षं पत्रं छापली. सगळे माझी वाहवा करत. मग सपाट पडद्याचा नवा भिडू आला आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. दोन हिवाळे कुणी माझ्यावरची धूळही पुसली नाही. फार वाईट वाटायचं हो.

तिथून मला इंद्रिदी नावाच्या तरुणाने उचललं. त्याची आत्या स्टेनवर खोऱ्यातल्या मेंढ्यांच्या खुणांची नोंदवही सांभाळायची. उन्हाळाभर सगळ्यांच्या मेंढ्या डोंगरावर एकत्र चरतात आणि सप्टेंबरात खाली आणून ज्याच्या त्याला देतात. कुठली कुणाची, हे कानांवर कापलेल्या खुणांवरून ठरतं. पण आत्याचे डोळे अधू झाले होते. शनिवारच्या वाटणीपर्यंत काही मार्ग निघाला नाही, तर चाळीस वर्षं सांभाळलेली वही शेजारच्या हाल्केलकडे जाणार होती.

“हा डबा वाचून दाखवणार मला?” आत्याने विचारलं.

“वाचून नाही गं, शोधून देईल. मोठ्ठ्या अक्षरांत! तू खूण सांग, हा मालक सांगेल.”

झालं, सोमवारपासून माझी सुटी संपली! इंद्रिदीने माझं पोट उघडून धूळ झटकली, जास्तीची स्मृती बसवली, जुनं सगळं पुसून नवी प्रणाली भरली. मग आला सर्व्हर, म्हणजे दुसऱ्या संगणकांचे प्रश्न ऐकणारा माझा कान. त्यानंतर आली अशी भाषा, की प्रश्न आला की माझ्या आतच उत्तराचं पान तयार व्हावं. शेवटी सातशे खुणांची यादी. मित्रांनो, माझा पंखा आनंदाने नुसता घरघरत होता!

बुधवारी पहिली परीक्षा झाली. आत्याने शेजारच्या पडद्यावर पान उघडलं आणि तिथे उत्तराऐवजी इंद्रिदीने लिहिलेला अख्खा प्रोग्रामच दिसला, कंस आणि स्वल्पविरामांसकट.

“अरे, मी स्वयंपाक मागितला, तू पाककृती वाढलीस!” आत्या म्हणाली.

इंद्रिदीने कपाळावर हात मारला. असली पानं दाखवायची नसतात, चालवायची असतात, हे तो मला सांगायलाच विसरला होता. त्याने माझ्या नियमांत एक ओळ घातली, मला पुन्हा सुरू केलं, आणि काय सांगू, पान चाललं!

गुरुवारी आत्याने गोठ्यातली तिचीच लाडकी मेंढी समोर उभी केली. पडद्यावर मेंढीचं समोरून काढलेलं तोंड होतं. आत्याने समोर दिसत होते तसेच कान निवडले. मी झटकन उत्तर दिलं: मालक हाल्केल.

हाल्केल तिथेच कॉफी पीत बसला होता. “हुशार यंत्र आहे हो! चांगली मेंढी कुणाची ते बरोबर कळलं त्याला!”

“गप रे! इंद्रिदी, शनिवारी मी तोंड कसं दाखवू?” आत्या म्हणाली. मी तर लाजेने गार पडलो.

मग आत्याच एकदम उठली, मेंढीला पाठीमागून दोन गुडघ्यांत धरून उभी राहिली आणि म्हणाली, “शहाण्या, मेंढवाड्यात आम्ही तिला अशी धरतो. तिचा उजवा तो माझा उजवा. तू समोरून चित्र काढलंस आणि आपला उजवा तिच्या डाव्याला लावलास!” हाल्केलची खूण म्हणजे आत्याचीच खूण, फक्त कान उलटे. इंद्रिदीने पाठमोरी मेंढी काढली आणि आता उत्तर आलं: स्टेनवर. आत्याने मला चक्क थोपटलं!

शनिवारी मेंढवाड्याशेजारच्या खोलीत मी होतो. गलका, लोकर, मटणाच्या सुपाचा वास! दुपारी एका धष्टपुष्ट मेंढीवरून वाद पेटला. सगळे म्हणत होते, ही स्टेनवरचीच. आत्याने खुणा निवडल्या, पडद्याजवळ वाकून स्वतः वाचलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “हाल्केल, तुझी आहे. ने.”

हाल्केल पुढे आला. मग टोपी काढून म्हणाला, “वही तुझ्याकडेच राहू दे, स्टेनवर.”

आज मी आत्याच्या फळीवर आहे, माझ्यावर धूळ बसत नाही. मित्रांनो, जुन्याला जिन्याखाली टाकण्याआधी एकदा उघडून बघा. आणि आमचं उत्तर चुकलं, तर रागावण्याआधी मेंढीच्या बाजूने उभे राहून बघा.