नात्याचा रकाना

माझ्या डाव्या मनगटातून एक नस निघते आणि सुमीच्या छातीत जाते. सुमी माझी धाकटी बहीण. ती जन्मली तेव्हा तिच्या हृदयाला दोनच खोल्या होत्या, म्हणून ही सोय झाली. आई म्हणायची, "तुझ्याकडे चार आहेत ना, मग?" मला कुणी विचारलंच नाही.

लहानपणी नस हातभर होती. सुमीला इचलकरंजीला दिली, तेव्हा ती तासगावपासून तिथपर्यंत वाढली. रस्त्यात लोक ती उचलून धरतात आणि खालून जातात. तिकडे सैल पडली की सुमीचे यजमान भूपालराव ती मागावरच्या सुतासारखी कांडीवर गुंडाळतात. सुमीने ठेचा खाल्ला की माझे कान तापतात. ती कुणाशी भांडली की मला धाप लागते. डोक्याला ताप नुसता.

या महिन्यात माझ्याच्याने जिना चढवेना. डॉक्टर हेर्लेकरांनी दोघींना दवाखान्यात बोलावलं. भूपालराव वाटेतली सगळी नस गुंडाळत आले. अठरा कांड्या झाल्या.

"एका हृदयावर दोघींचं भागायचं नाही आता," डॉक्टर म्हणाले. "सुमतीबाईंना दोन खोल्या वाढवून देऊ."

"कशाच्या?" मी विचारलं.

"या नसेच्याच. सगळी लागेल."

"आणि नाही दिली तर?"

"दिवाळीपर्यंत दोघीही."

सुमी हसली. "ताई, सुटलीस गं माझ्या कटकटीतून. चढ आता खुशाल जिने." जन्मात तिने मला कधी अहोजाहो केलं नाही. मला हसू आलं नाही. मला ती नस हवी होती. ते मी कुणाला बोलले नाही.

क्लार्कने संमतीचा कागद पुढे केला. 'रुग्णाशी नातं' या रकान्यात मी 'बहीण' लिहायला लागले, तर त्याने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

"तेवढं पेन्सिलीने लिहा."

"का?"

"पद्धत आहे इथली."

मी पेन्सिलीने लिहिलं. जरा दाबूनच लिहिलं.

ऑपरेशन सुरू झालं. मी बाहेर बाकड्यावर बसले. भूपालराव दाराच्या फटीतून एकेक कांडी आत सोडत होते. चौथ्या कांडीला माझे कान गार झाले. नवव्या कांडीला धाप गेली. मग भीती गेली, ती कितव्या कांडीला ते लक्षात राहिलं नाही. नस आत ओढली जात होती तसं बाकडंही दाराकडे सरकत होतं. अठरावी कांडी रिकामी झाली तेव्हा माझं मनगट दाराला टेकलं होतं. आतून कात्रीचा आवाज आला.

चौथ्या दिवशी सुमी उशीला टेकून मोसंबं सोलत होती. गाल लाल झाले होते. मी तीन जिने न थांबता चढून गेले होते. मला बघून तिने पदर सावरला.

"बसा ना तुम्ही," ती म्हणाली. "कुणाकडे आलात?"

मी बसले. रडायला हवं, एवढं कळत होतं. आलं नाही.

तेवढ्यात क्लार्क तो कागद घेऊन आला. "या तुमच्या कोण?" त्याने सुमीला विचारलं.

सुमीने माझ्याकडे नीट पाहिलं, आदराने. मग मोसंब्याची एक फोड माझ्यापुढे धरली.

क्लार्कने कागद मांडीवर सपाट केला आणि खिशातून खोडरबर काढलं.