निकालाआधीचं लगीन

१९६९च्या दिवाळीनंतर बिद्रीच्या झुंबरबाईच्या डाव्या हातावर, कोपराखाली, गाठ आली. तीन आठवड्यांत ती लिंबाएवढी झाली. नवरा कृष्णात तिला कोल्हापूरला घेऊन गेला. डॉक्टरांनी गाठ काढली आणि तपासायला मुंबईला पाठवली.

"एवढ्या झपाट्यानं वाढलीय म्हणजे कॅन्सरची शंका येते," ते म्हणाले. "पण निकाल येऊ दे."

झुंबरबाईनं 'कॅन्सर' तेवढं ऐकलं. घरी येताच ती कृष्णातला म्हणाली, "माझ्या डोळ्यांदेखत शालनचं लगीन करा."

शालन त्यांची एकुलती एक लेक, अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात होती. मार्चात परीक्षा, पुढं मास्तरीण व्हायचं तिच्या मनात होतं. पण आईच्या हातावरची पट्टी बघून कोण काय बोलणार?

चंदगडकडचं स्थळ आलं. मुलगा सयाजी, शेती आणि काजूची बाग. "परीक्षेला धाडू की," असं सासू बायडाबाई बैठकीत म्हणाली. पौष लागायच्या आत लग्न उरकलं.

लग्नानंतर नवव्या दिवशी मुंबईहून निकाल आला. कॅन्सर नव्हता. गाठ साधी होती, दिसायला तेवढी कॅन्सरसारखी. कृष्णातनं गल्लीत पेढे वाटले. झुंबरबाईच्या हातातला पेढा हातातच राहिला.

फेब्रुवारीत ती एसटीनं चंदगडला गेली. बायडाबाईला म्हणाली, "पंधरा दिवस पोरीला धाडा. परीक्षा हाय."

"आणि काजू गोळा कराय कोण? माणसं मिळंनात," बायडाबाई म्हणाली. सयाजी खाली मान घालून बसला.

शालन आईला स्टँडवर सोडायला आली. काजूच्या चिकानं तिची बोटं काळी पडली होती.

"आई, तवा मी न्हाई म्हणाले असते, तर थांबली असतीस?"

खोटं बोलावं असं झुंबरबाईला फार वाटलं.

"न्हाई," ती म्हणाली. "लई भ्याले होते गं."

शालननं मान हलवली. "तू जगलीस, लई झालं," म्हणाली, आणि तिथंच पिशवी खाली ठेवून आईच्या गळ्यात पडून रडली. लग्नात रडली नव्हती एवढी.

गाडी लागली. कंडक्टरनं दोनदा हाक मारली, तरी झुंबरबाईला लेकीच्या पाठीवरचा हात काढवेना.