सात नंबरचा गुरुवार

मित्रांनो, मी एक जुना कोरा तक्ता आहे, आणि माझा तुमच्यावर संशय आहे. राग मानू नका. माझा सगळ्यांवरच असतो. ज्याचं सारं आयुष्य कोरं राहण्यात गेलं, त्याला जवळ येणाऱ्या प्रत्येक बोटाची धास्ती वाटते.

माझा जन्म स्वीडनमधल्या नोरशोपिंग शहरात, अठरा घरांच्या एका इमारतीच्या कार्यालयात, संगणकावर झाला. मला घडवलं घर नंबर सातच्या मायब्रिटने. तिने तीस वर्षं शहरातल्या बसगाड्यांची वेळापत्रकं आखली होती. निवृत्तीनंतर आखायला बस उरल्या नाहीत, म्हणून तिने शेजाऱ्यांचं धुणं आखायला घेतलं. इमारतीत कपडे धुण्याची खोली एकच. तिच्या पाळीवरून लोक इथे जितके हळवे होतात, तितके लग्नाच्या वाढदिवसावरूनही होत नाहीत.

तिने मला मन लावून घडवलं. आठवड्यांचे ठोकळे, त्यांत सात वार, दर दिवसाच्या चार पाळ्या. वर महिना टाकला की तारखा आपापल्या वारापुढे मुकाट्याने जाऊन बसत. एकाच घराने आठवड्यात दोन पाळ्या घेतल्या की तो चौकोन नारिंगी होई. मग तिने मला ‘नमुना’ म्हणून जपून ठेवलं. म्हणजे माझ्यावर दोनदा टिचकी मारली की मी नाही, माझी नवी प्रत उघडते. शेजारी चिठ्ठ्या देत, मायब्रिट प्रतीत घरांचे नंबर भरी, छापी, दारावर लावी. प्रत महिनाभर जगे आणि साबणाच्या पाण्याने ओली होऊन मरे. अकरा वर्षांत माझी सव्वाशेवर लेकरं गेली. मी एकाच्याही मयताला गेलो नाही. मला कोरं राहायचं होतं.

ते दिवस कौतुकाचे होते. घर नंबर बाराचा रूनर, आयुष्यभर कुलपं दुरुस्त केलेला माणूस, दर शनिवारी तीन वाजता मायब्रिटकडे कॉफी प्यायला येई. वेलदोड्याचा बन तोंडात असतानाच म्हणे, “मायब्रिट, तुझ्या तक्त्यामुळे इमारतीत खून व्हायचा राहिला.” स्तुती होती. तरीही कोणाचा खून, हे त्याने सांगितलं नाही, हे मी लक्षात ठेवलं.

मग नोव्हेंबरात मायब्रिटच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. कार्यालयाला सहा पायऱ्या, त्या तिला बंद झाल्या. रूनर म्हणाला, “तू पाय सांभाळ, तक्ता मी सांभाळतो.”

मित्रांनो, त्याने मला कसं सांभाळलं ते ऐका. दोनदा टिचकी मारण्याऐवजी त्याने माउसचं उजवं बटण दाबलं आणि यादीतून ‘उघडा’ निवडलं. त्याबरोबर प्रत नाही, मी स्वतः उघडलो. दाढी करताना कोणी न्हाणीघराचं दार उघडावं तसं मला झालं. रूनरने डिसेंबर टाकला, आणि सर्वांत आधी दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी, सहा ते नऊच्या पाळीत, ‘७’ लिहिला. तेवढ्यावर साठवलं. मग मायब्रिटने सांगितलेलं आठवून त्याने टिचकी मारली, प्रत काढली, बाकीचे नंबर तिच्यात भरले. प्रतीत ‘७’ कसा आला, याचं त्याला नवल वाटलं नाही. तो त्याला हवाच होता.

मला वाटलं, हा कट आहे. फक्त कोणाचा, ते कळेना.

तिथून माझी प्रत्येक प्रत तो सात अंगावर घेऊनच जन्माला येऊ लागली. जानेवारीत रूनरच्या भुवया वर गेल्या. फेब्रुवारीत त्या खाली आल्याच नाहीत. मायब्रिटला माझ्यापर्यंत घरच्या संगणकावरूनही पोचता येत असे, हे त्याला ठाऊक होतं.

“चिठ्ठी नाही, विचारणं नाही,” तो कपडे वाळवता वाळवता पंधरा नंबरच्या सिग्नेला म्हणाला. “घरबसल्या गुरुवार संध्याकाळ लाटते. सगळ्यात मोक्याची वेळ!”

“मग तिलाच विचार ना.”

“विचारू? शेजारी आहे ती माझी!”

इथे शेजाऱ्याला विचारत नाहीत, दारावर चिठ्ठी लावतात. तशी लागली: ‘काहींना वाटतं यंत्रं त्यांच्या वडिलांची आहेत. मनःपूर्वक शुभेच्छा.’ खाली दुसऱ्या शाईत: ‘माझ्या वडिलांची नाहीत. मी विचारून आलो.’

मायब्रिट दर महिन्याच्या त्या गुरुवारी काठी टेकत धुण्याच्या खोलीच्या उतारावरून यायची, चादरी धुवायची, यंत्राची जाळी दोनदा पुसायची आणि उगाचच हसायची. तिच्या हसण्याचाही मला संशय आला. शनिवारची कॉफी मात्र बंद पडली. रूनर यायचा थांबला. ती दोन बन करायची आणि दोन्ही स्वतः खायची.

एप्रिलमध्ये सायकलींच्या खोलीत वार्षिक सभा भरली. सहावा विषय: मायब्रिटकडची धुण्याच्या खोलीची किल्ली काढून घेणे. ती किल्ली गेली अकरा वर्षं तिच्या गळ्यात होती. मायब्रिटचा हात तिच्यावर गेला आणि तिथेच राहिला.

“गुरुवार मी मागितला नव्हता,” ती म्हणाली.

“मग तो काय आपोआप उगवतो?” रूनर म्हणाला.

“बघू या की,” म्हणत सिग्नेने प्रोजेक्टर लावून मला भिंतीवर पाडलं. मी, अख्ख्या इमारतीसमोर, मधोमध एक सात घेऊन. लाज वाटली.

“सात प्रतीत नाहीये, मूळ नमुन्यातच आहे,” सिग्ने म्हणाली. तिने माझी माहिती उघडली. “शेवटचा बदल: चोवीस नोव्हेंबर. करणारा: रूनर.”

“चोवीसला मी इस्पितळात होते,” मायब्रिट म्हणाली.

रूनरने चष्मा पुसला, लावला, पुन्हा पुसला. “तू घरी येणार होतीस. महिन्याभराचं साठलेलं धुणं, आणि नवा खुबा... मी म्हटलं, निवांत वेळ राखून ठेवावी. एकदाच. डिसेंबरपुरती.”

“मला वाटलं, तू दर महिन्याला राखतोयस.”

“मग बोलली का नाहीस?”

“आभार मानले असते, तर तुला अवघडल्यासारखं झालं असतं.”

कोणाच्या तरी सायकलीची घंटा आपोआप वाजली. सहावा विषय कोणी मांडला होता, हे एकालाही आठवेना. मांडणाऱ्यालाही नाही.

मायब्रिटने स्वतः सात पुसला, मला साठवलं आणि किल्ली कपड्यांच्या आत सरकवली. मी पुन्हा कोरा झालो. शनिवारी तीन वाजता रूनर कॉफीला गेला, असं कळतं. येताना त्याच्या कोटावर बनचे कण होते.

तेव्हा मित्रांनो, एवढं करा. लिहायचं ते माझ्या प्रतीवर लिहा, मला सोडा. आणि एखाद्याच्या नावापुढे नको ते दिसलं, तर चिठ्ठी लावण्याआधी ते कोणी लिहिलं हे बघून घ्या. ते तुम्हीच असू शकता.

मे महिन्याची प्रत रूनरने काढली. दोनदा टिचकी मारून, नीट. आणि सगळ्यांत आधी, दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी, सहा ते नऊ, त्याने सात लिहिला.

माझं त्याच्यावर लक्ष आहे.